जबानी लिहून घेणारा साहेब

जालन्याहून सिंदखेड राजाच्या वाटेला लागलं की थोड्याच वेळात मराठवाडा संपतो आणि विदर्भ सुरू होतो. बोली तीच, माती तीच, सोयरिकी दोन्हीकडे. तरीही मध्ये एक रेघ आहे आणि ती ना नदीने आखलेली आहे, ना डोंगराने. २१ मे १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड, धाराशिव-नळदुर्गचा मुलूख आणि रायचूर दुआब इंग्रजांच्या हवाली केला. सिंदखेड कंपनीकडे गेलं, जालना निजामाकडे राहिलं. पुढची शंभरहून अधिक वर्षं ही दोन शेजारची गावं वेगळ्या कचेऱ्यांत, वेगळ्या कायद्यांखाली जगली. १९५६ नंतरच ती पुन्हा एका राज्यात आली. आज आपण ज्याला अनुशेष म्हणतो, ज्यावरून विधिमंडळात भांडतो, त्याची पहिली ओळ या तहात लिहिलेली आहे.

तह कशासाठी झाला? एका फौजेचा पगार थकला म्हणून. हैदराबाद कॉन्टिंजंट हे तिचं नाव. जालना, औरंगाबाद, हिंगोली, अंबाजोगाई, एलिचपूर, बोलारम अशा ठिकाणी तिच्या छावण्या होत्या. शिपाई देशी, अंमलदार इंग्रज, हुकूम रेसिडेंटचा आणि खर्च निजामाचा. जालना जिल्ह्यातल्या असईच्या रणात २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांचा पराभव झाला आणि दख्खनवर कंपनीची पकड बसली. ती पकड टिकवायची तर फौज हवी, पण तिचा भार कंपनीच्या तिजोरीवर नको. १८१३ च्या सुमारास रेसिडेंट हेन्री रसेलने उभी केलेली ब्रिगेड आणि तिच्यातून वाढलेलं कॉन्टिंजंट हे या अडचणीवरचं उत्तर होतं. पगार भागवायला निजामाने कर्ज काढलं, कर्जाचं व्याज भागवायला आणखी कर्ज काढलं आणि शेवटी मुलूखच गेला.

या पुस्तकाचा नायक या फौजेचा नोकर होता. फिलिप मेडोज टेलर, जन्म लिव्हरपूल, २५ सप्टेंबर १८०८. पंधराव्या वर्षी मुंबईच्या एका व्यापाऱ्याच्या पेढीवर कारकुनीसाठी पाठवलेला मुलगा. येऊन पाहतो तर व्यापारी स्वतःच गाळात. मुंबई सरकारातल्या एका नातलगाने शब्द टाकला आणि नोव्हेंबर १८२४ मध्ये पोराला निजामाच्या फौजेत लेफ्टनंटची सनद मिळाली. तो औरंगाबादला रुजू झाला. १८६० पर्यंतची छत्तीस वर्षं त्याने या मुलखात काढली. आधी शिपाईगिरी, मग पोलीस, मग महसूल, मग एका संस्थानाचा कारभार आणि या सगळ्यात मिसळून न्यायदान. वकिलीची परीक्षा त्याने कधी दिली नाही. हिंदी आणि इंग्रजी कायदा, दिवाणी आणि फौजदारी, तो पुस्तकं वाचून आपला आपण शिकला, जशी जमीनमोजणी शिकला, वनस्पतिशास्त्र शिकला. पण फिर्याद ऐकणं, साक्ष घेणं, निवाडा देणं हे काम आयुष्यभर त्याच्या हाती होतं आणि कादंबरीकार टेलर घडला तो या कामातून. १८४० पासून १८५३ पर्यंत तो लंडनच्या 'टाइम्स'चा बातमीदारही होता.

त्याच्याविषयी आपल्याकडे दोन मतं ऐकू येतात. एक मत म्हणतं, भला माणूस, रयतेचा कैवारी. दुसरं म्हणतं, ठगांच्या भीतीदायक कहाण्या विकून आपल्या देशाची बदनामी करणारा साम्राज्याचा चाकर. दोन्ही मतांना आधार आहे. माझं म्हणणं वेगळं आहे. टेलरचं जवळजवळ सगळं लेखन दुसऱ्याच्या जबानीवर उभं आहे आणि जबानी घेणारा तो स्वतःच साहेब होता. कोणी, कुठे, कशाच्या भीतीने किंवा लोभाने ही जबानी दिली, हे विचारल्याशिवाय त्याचं एकही पान वाचू नये. आणि हे विचारून वाचलं, तर एकोणिसाव्या शतकातल्या मराठी निजामी मुलखाविषयी त्याच्याइतकं कुणी सांगत नाही.

त्याचा भलेपणा खोटा नव्हता. आत्मचरित्रातला एक प्रसंग पाहा. विशीही न ओलांडलेला टेलर पोलीस अधिकारी म्हणून फिरतीवर असताना यात्रेकरूंनी त्याच्याकडे तक्रार केली की बाजारातले वाणी पिठात वाळू मिसळतात आणि मापात मारतात. त्याने पीठ मागवलं, वजनं तपासली. दोन्ही खोटी निघाली. दंड भरून वाणी मोकळे झाले असते. त्याने तेच पीठ त्यांच्यापुढे ठेवलं आणि सर्वांसमक्ष खायला लावलं. तोंडात वाळू करकरू लागली, घास गिळवेना, वाणी हातापाया पडू लागले आणि भोवतालचे यात्रेकरू हसून बेजार झाले. लोकांनी त्याला 'महादेव बाबा' हे नाव दिलं आणि ते पुढे वर्षानुवर्षं त्याच्या मागोमाग फिरलं. गोष्ट गोड आहे आणि मला ती खरीही वाटते. पण तिच्यात एक गोष्ट दिसते ती नजरेआड करू नये. फिर्याद ऐकणारा, तपास करणारा, शिक्षा ठरवणारा आणि शिक्षा अंमलात आणणारा, चौघेही एकच. वर अपील नाही, बाजूला वकील नाही. पिठाच्या प्रकरणात ते खपून गेलं. ठगांच्या प्रकरणात माणसांचे जीव त्यावर लटकत होते.

'ठगाची जबानी' ही कादंबरी १८३९ साली लंडनमध्ये तीन खंडांत निघाली आणि टेलर एका हंगामात प्रसिद्ध झाला. छापून होत असलेली पानं राणी व्हिक्टोरियाने मागवून वाचली. अमीर अली नावाचा ठग, ७१९ खुनांचा कबुलीदार, तुरुंगात साहेबापुढे बसून आपली कहाणी सांगतो. त्याच्या आईबापांना ठगांनीच मारलेलं असतं. त्यांच्यातल्या एकाने त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलेलं असतं. मोठेपणी तो नकळत आपल्या सख्ख्या बहिणीचा गळा आवळतो. साहेब मधूनमधून एखादा प्रश्न विचारतो, बाकी ऐकत राहतो. रचना म्हणून ती विलक्षण आहे. खुनी माणूस इतक्या मनमोकळेपणाने बोलतो की वाचक त्याच्या बाजूने श्वास रोखून धरतो, आणि मग आपण कोणाची बाजू घेतली हे कळून चरकतो. टेलरने हैदराबादेत ठगांच्या प्रत्यक्ष जबान्या घेतल्या होत्या. अमीर अलीचा आवाज तिथून आला आहे.

पण ते बोलणारे कोण होते? माफीचे साक्षीदार. विल्यम स्लीमनच्या ठगी खात्याची सगळी इमारत त्यांच्यावर उभी होती. फास टळावा म्हणून त्यांनी साथीदारांची नावं सांगायची, प्रेतं पुरलेल्या जागा दाखवायच्या आणि पंथ, शकुन, देवीचा कौल यांचं साहेबाला हवं तेवढं वर्णन करायचं. जितकं जास्त सांगाल तितकं जगाल. १८३६ च्या तिसाव्या कायद्याने पुढची पायरी गाठली. एखादा माणूस ठगांच्या टोळीत कधीतरी, कुठेतरी होता, एवढं सिद्ध झालं की जन्मठेप. कोणता गुन्हा, कोणाचा खून, हे दाखवायची गरज उरली नाही. ज्याला आज आपण फौजदारी न्यायाचं मूळ मानतो, म्हणजे कृत्य सिद्ध व्हावं आणि ते त्याच माणसावर सिद्ध व्हावं, ते इथे बाजूला ठेवलं गेलं. ब्रिटिश हिंदुस्थानात पुराव्याचा कायदा आला तो १८७२ मध्ये. गुन्ह्यातल्या साथीदाराच्या शब्दावर स्वतंत्र दुजोऱ्याशिवाय विसंबू नये, हा सावधपणा त्या कायद्याने लिहून ठेवला. ठगीतल्या फाशा तोवर होऊन गेल्या होत्या.

रस्त्यावर प्रवाशांचे गळे आवळून खून होत होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. सांगाडे सापडले आहेत. वाद आहे तो ठगी हा देशभर पसरलेला, भवानीला नरबळी देणारा एकच पंथ होता का, यावर. स्ट्युअर्ट गॉर्डन यांच्यापासून किम वॅगनर यांच्यापर्यंतच्या अभ्यासकांनी कागद तपासून जे मांडलं, त्यातून मला दिसतं ते असं: लुटारू टोळ्या खऱ्या होत्या, त्यामागे मोडलेली लष्करं, बेकार झालेले शिपाई आणि लुटीत वाटा घेणारे जमीनदार होते. पंथाची कथा मात्र बरीचशी जबानी घेणाऱ्यांनी आपल्या प्रश्नांतून घडवली. टेलरची कादंबरी कायद्यानंतर तीन वर्षांनी आली, तेव्हा कायद्याचं पाप तिच्या माथी मारता येत नाही. पण कायद्याला चेहरा दिला तो तिने. जन्मानेच गुन्हेगार, धर्मानेच गुन्हेगार अशा माणसाचं चित्र इंग्रजी वाचकाच्या डोक्यात इतकं पक्कं बसलं की १८७१ साली अख्ख्या जमातीच गुन्हेगार ठरवणारा कायदा आला, तेव्हा त्यात कुणाला फारसं वावगं वाटलं नाही. तो रद्द व्हायला १९५२ उजाडलं. आणि ज्यांच्या माथ्यावर तो शिक्का बसला त्यांनी स्वतःची जबानी स्वतः लिहायला आणखी तीस वर्षं गेली. लक्ष्मण माने यांचं 'उपरा', लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या'. गायकवाड तर याच निजामी मुलखातले. 'उचल्या'मध्ये जबानी घेणारा साहेब नाही. मला ही दोन पुस्तकं, अमीर अली आणि 'उचल्या', एकामागोमाग वाचावीशी वाटतात आणि तरुण वाचकांनाही मी तेच सुचवतो.

इथेच थांबलो असतो तर टेलरवर अन्याय झाला असता, कारण तो स्वतः इथे थांबला नाही. १८३९ च्या कादंबरीत भवानी ही गळे आवळणाऱ्यांची देवी आहे. चोवीस वर्षांनी, १८६३ साली, त्याने 'तारा' लिहिली. तिची नायिका तुळजापूरच्या ब्राह्मण घरातली बालविधवा, भवानीच्या सेवेत राहिलेली. देवी तीच, पण आता ती त्या एकट्या मुलीचा आधार आहे. पहाटेचं देऊळ, पुजाऱ्यांचं घर, घाटावरची वर्दळ हे सगळं जवळून पाहिलेल्या माणसाचं लिहिणं आहे. मधल्या काळात काय घडलं? १८५३ च्या तहानंतर टेलर नळदुर्ग जिल्ह्याचा कारभारी झाला. तुळजापूर त्याच्या हद्दीत आलं. जमिनीची मोजणी, साऱ्याची आकारणी, रस्ते, तळी ही कामं त्याने काढली, आणि लोक त्याच्याकडे आरोपी म्हणून नव्हे तर शेतकरी, पुजारी, पाटील, विधवा म्हणून येऊ लागले. बोलणारा भीतीने बोलत नसला की ऐकणाऱ्याला वेगळं ऐकू येतं. 'तारा' आणि 'ठगाची जबानी' यांतला फरक मला तरी इतकाच आणि एवढा मोठा दिसतो.

'तारा' आपल्या वाचकाला सुखाने वाचू देणार नाही, हेही सांगितलं पाहिजे. अफझलखानाचा मुलगा फाजल आणि तारा यांचा विवाह ही तिची मध्यवर्ती कथा. प्रतापगडच्या प्रसंगात टेलर ग्रँट डफच्या मागे जातो आणि शिवाजी महाराजांवर दग्याचा आळ घेतो. डफच्या त्या मांडणीला मराठी इतिहासकारांनी पुढे सविस्तर उत्तर दिलं आहे. शिवाय १६५९ ची घटना त्याने १६५७ मध्ये ओढली, कारण १६५७, १७५७, १८५७ अशी शतकांची मालिका त्याला कादंबऱ्यांसाठी हवी होती. 'राल्फ डार्नेल' आणि 'सीता' या पुढच्या दोन. कथेच्या सोयीसाठी तारीख हलवणारा लेखक इतिहासाचा पुरावा होऊ शकत नाही, आणि त्याला तसं वापरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. मराठी कादंबरीने मात्र त्याच्याकडून बरंच उचललं. हरिभाऊ आपट्यांची 'म्हैसूरचा वाघ' ही त्याच्या टिपू सुलतानावरच्या कादंबरीवरून आली, आणि ऐतिहासिक कादंबरीचा वाचक आपल्याकडे घडू लागला तो त्या काळात.

'सीता' १८७२ ची. तिच्यात एक इंग्रज अधिकारी सोनार घराण्यातल्या विधवेशी लग्न करतो. सत्तावन्न साल उलटून पुरती पंधरा वर्षंही झाली नव्हती, इंग्रजांच्या मनात कानपूर ताजं होतं, आणि हा म्हातारा कर्नल हिंदू सून इंग्रजांच्या दिवाणखान्यात आणून बसवतो. हे धैर्य त्याने स्वतःच्या घरातून आणलं असावं. त्याची पत्नी मेरी ही हैदराबादच्या विल्यम पामरची मुलगी. पामरचे वडील पुण्याच्या पेशवे दरबारी रेसिडेंट होते आणि आई फैज बख्श ही मुसलमान बेगम. मेरी १८४४ मध्ये वारली, टेलरने पुन्हा लग्न केलं नाही. पण हा विल्यम पामर म्हणजे जबर व्याजाने निजामाला कर्ज देणाऱ्या पेढीचा मालक! ज्या फौजेने टेलरला भाकरी दिली, तिच्या खर्चापायी झालेल्या कर्जात त्याच्या सासऱ्याच्या पेढीचा हात, त्याच खर्चापायी नळदुर्ग कंपनीकडे गेलं, आणि तिथे चांगला कारभार करायला नेमला गेला तो टेलर. त्याने तळी बांधली ती खरीच. ती बांधायचा अधिकार त्याच्याकडे कसा आला, हेही तितकंच खरं.

सत्तावन्नच्या जूनमध्ये औरंगाबादेत कॉन्टिंजंटच्या घोडदळाने कूच करायला नकार दिला. जनरल वुडबर्नची फौज आली, तोफेच्या तोंडी आणि फासावर माणसं गेली. क्रांती चौकातल्या काळ्या चबुतऱ्याशी त्या शिपायांची आठवण जोडलेली आहे. ऑगस्टमध्ये रेसिडेंटने टेलरला बुलढाण्याला धाडलं: देण्यासारखी फौज नाही, जमेल तसा वऱ्हाड धरून ठेव. त्याने तो धरून ठेवला. नव्या राज्याला सरावलेले पाटील-देशमुख, जुनी ओळख आणि थोडी दहशत, तिन्ही उपयोगी पडली असणार. जालन्याशेजारच्या डोंगरात त्या वर्षी बंड पेटलं नाही, याचं श्रेय किंवा दोष ज्याने त्याने आपल्या मताप्रमाणे द्यावा.

आता सुरपूर. टेलरच्या आयुष्यातला हा भाग सर्वांत वादाचा आणि मला सर्वांत जिवाभावाचा. सुरपूर, इंग्रजी कागदांतलं शोरापूर, आज कर्नाटकातल्या यादगीर जिल्ह्यात आहे. १८४१ मध्ये टेलर तिथे गेला तेव्हा राजा व्यंकटप्पा नायक हा लहान मुलगा होता. त्याची आई राणी ईश्वरम्मा हिच्याशी टेलरचे खटके उडत, पण मुलगा त्याला 'अप्पा' म्हणे. बारा वर्षं टेलरने संस्थान चालवलं, कर्ज फेडलं, तलाव बांधले, राजाला शिकवलं आणि १८५३ मध्ये कारभार त्याच्या हाती देऊन तो निघाला. पाच वर्षांत राजा पुन्हा कर्जबाजारी झाला आणि फेब्रुवारी १८५८ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठला. उठाव मोडला, राजा पकडला गेला, लष्करी अदालतीने मृत्युदंड दिला.

तुरुंगात 'अप्पा' त्याला भेटायला गेला. जाताना रेसिडेंटने एक काम सांगितलं होतं: तुला कोणी भडकावलं, नावं सांग, म्हणजे दया दाखवता येईल. म्हणजे टेलरला पुन्हा तीच जबानी घ्यायची होती जी त्याने पंचवीस वर्षांपूर्वी ठगांकडून घेतली होती, आणि या वेळी समोर होता त्याने हाताखाली वाढवलेला मुलगा. व्यंकटप्पाने नावं सांगितली नाहीत. मरायला निघालेल्या माणसाने दगाबाज व्हावं काय, असा त्याचा सवाल होता. त्याने एकच मागणी केली: चोरासारखं फासावर चढवू नका, तोफेच्या तोंडी द्या, मी डगमगणार नाही. टेलरच्या खटपटीने शिक्षा उतरत उतरत चेंगलपट्टूच्या किल्ल्यातल्या चार वर्षांच्या कैदेवर आली. तिकडे नेत असताना पहिल्याच मुक्कामाला, बरोबरच्या अंमलदाराच्या पिस्तुलाने, राजाने स्वतःला गोळी घातली, असं टेलर लिहितो. सुरपुरात आजही सगळे हे मानत नाहीत. राजा चोविसाव्या वर्षी जाणार असं भाकीत एका ब्राह्मणाने लहानपणीच केलं होतं, असंही टेलर सांगतो. मला त्या भाकितापेक्षा त्याने ते आयुष्यभर मनाशी धरून ठेवलं, याचं जास्त वाटतं.

सावरकरांनी सत्तावन्नच्या समरावरचा आपला १९०९ चा ग्रंथ लिहिताना सुरपूरच्या राजाची ही भेट घेतली ती टेलरच्याच आत्मचरित्रातून. ज्या पानांवर इंग्रज अधिकारी आपल्या मुलाच्या जागी असलेल्या बंडखोराविषयी लिहितो, तीच पानं तीसेक वर्षांनी क्रांतिकारकांच्या हाती स्फूर्तीचं साधन झाली. टेलरने राजाचं बोलणं गाळलं असतं तर कुणाला कळलं नसतं. त्याच्या सरकारच्या सोयीचं तर तेच होतं. त्याने ते लिहून ठेवलं.

१८६० मध्ये धाराशिव आणि रायचूर निजामाला परत मिळाले, सुरपूरही निजामाकडे गेलं, वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिलं. त्याच वर्षी टेलर निवृत्त होऊन आयर्लंडला गेला. १८७५ मध्ये निजामाचे दिवाण सालारजंग यांच्या बोलावण्यावरून हैदराबादेला आला, तापाने खंगला, दृष्टी गेली आणि परतीच्या वाटेवर १३ मे १८७६ रोजी फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या मांतों गावी वारला. आत्मचरित्र पुढच्या वर्षी त्याच्या मुलीने प्रसिद्ध केलं.

या ग्रंथात त्याच्या चरित्राबरोबर निवडक लेखनाचा अनुवाद दिला आहे. क्रम प्रकाशनाच्या सालांप्रमाणे लावलेला नाही. आधी अमीर अलीची जबानी आहे, तिच्यासोबत १८३६ च्या कायद्याचा मजकूर, मग नळदुर्ग आणि तुळजापूर, मग बुलढाणा आणि शेवटी सुरपूरची तुरुंगातली भेट. ज्याने सगळं सांगितलं आणि जगला तो, आणि ज्याने काहीच सांगितलं नाही तो, अशा दोघांच्या मध्ये बाकीचा टेलर ठेवला आहे. त्याच्या काळातल्या गावांची नावं आजच्या उच्चाराप्रमाणे दिली आहेत आणि जिथे त्याने माणसांच्या जातींविषयी आज आपण लिहिणार नाही असं लिहिलं आहे, तिथे ते सौम्य केलेलं नाही.